लाल खरा की नारिंगी? अँडीजमधल्या पक्ष्याची उपजात ओळखायला मदत हवी

जकार्डवाला (सोलापूर)

नमस्कार मंडळी. पक्ष्यांच्या विभागात मी पहिल्यांदाच लिहितोय. मी सोलापूरचा, पूर्व भागातला. काम जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, डिझाइनचं. आजोबा हातमागावर बसायचे, वडील जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं पंच करायचे, मी तेच काम आता कॉम्प्युटरवर चौकटीत रंग भरून करतो.

एका निर्यातदारामार्फत वॉलहँगिंगची ऑर्डर आली आहे. माल जायचाय दक्षिण अमेरिकेत, डोंगरातल्या एका छोट्या पाहुणघराच्या भिंतीवर. त्यांना त्यांच्या जंगलातला पक्षी विणून हवाय. मोर, हरीण, धावणारे घोडे, विठ्ठल-रखुमाई हे सगळं आमच्या हाताच्या सवयीचं. हा पक्षी मात्र मी कधी पाहिलेला नाही. निर्यातदाराने तीन फोटो पाठवलेत, खाली ना नाव ना गाव. फोटो माझे नसल्यामुळे इथे टाकता येत नाहीत, म्हणून जमेल तितकं नीट वर्णन करतो.

फोटो १: शेवाळलेल्या फांदीवर बसलेला, कबुतराएवढा वाटणारा पक्षी. डोकं, मान, छाती, पोट सगळं एकसारखं झगझगीत नारिंगी. पंख आणि शेपूट काळीभोर. पंख मिटलेले आहेत आणि पाठीच्या बाजूला त्यांच्यावर राखाडी पट्टा आहे, स्वच्छ, कडा अगदी कापल्यासारख्या. डोक्यावर तुरा आहे, पण आपल्या बुलबुलासारखा मागे गेलेला नाही. मानेपासून थेट चोचीवर पुढे आलेली अर्धगोल तबकडी आहे, इतकी की चोच जवळजवळ दिसतच नाही.

फोटो २: घडण तीच, तबकडी तीच, काळे पंख तेच, राखाडी पट्टा तोच. पण अंग नारिंगी नाही, लालभडक आहे. रक्तासारखा लाल.

फोटो ३: मळकट तांबूस-तपकिरी पक्षी. तबकडी आहे पण लहान, चोच उघडी दिसते. ही मादी असावी असा माझा अंदाज.

माझे प्रश्न असे. पहिले दोन एकाच जातीचे आहेत का? असतील तर रंग वेगळा का? एक तरुण आणि एक म्हातारा आहे का? की कुणी तरी फोटोचा रंग वाढवलाय? आणि मी विणू कोणता?

मालक म्हणतात, "दोन्हीच्या मधला शेड घे, कोण बघतंय." मला ते पटत नाही. सूत लॉटमध्ये रंगतं, लॉट रंगला की रंगला, मागे फिरता येत नाही. आणि ज्यांच्या दारात तो पक्षी रोज येतो ते बघणारच की. परदेशातून कुणी आपल्याला जांभळ्या मानेचा मोर विणून पाठवला तर आपण तो दिवाणखान्यात लावू का?

गुलमोहर

दादा, वर्णन वाचून शोधलं. हा कॉक-ऑफ-द-रॉक. पण त्यात दोन जाती दिसतायत, एक गयानन आणि एक अँडियन. गयानन नारिंगी आणि अँडियन लाल असं असेल का? म्हणजे तुमचे पहिले दोन फोटो दोन वेगळ्या जातींचे.

माळरान

गुलमोहर, जातींची नावं बरोबर आहेत, पण वाटणी तशी नाही. जकार्डवाल्यांनी इतकं बारीक वर्णन दिलंय की गयानन जात त्यावरूनच बाद होते.

गयानन कॉक-ऑफ-द-रॉक हा ईशान्येकडचा, गयाना पठाराच्या भागातला पक्षी. अँडीजच्या रांगेत तो नसतोच. त्याचा नर नारिंगी असतो हे खरं, पण त्याच्या तबकडीच्या कडेला आतून एक बारीक गडद रेघ फिरलेली असते, पेन्सिलीने काढल्यासारखी. शिवाय पाठीच्या खालच्या बाजूला पंखांवरून रेशमाच्या दशांसारखे लांब नारिंगी धागे सुटलेले असतात. तुमच्या पहिल्या फोटोत तबकडी एकरंगी आहे आणि पंखावर दशा नाहीत, कडा कापल्यासारखा राखाडी पट्टा आहे. तो पट्टा अँडियनचा. शास्त्रीय नाव रुपिकोला पेरुव्हियानस, कोटिंगा कुळातला. लांबी साधारण ३२ सेंटीमीटर, वजन पाव किलोच्या आसपास. पेरूचा हा राष्ट्रीय पक्षी, तिथल्या केचुआ भाषेत त्याला तुंकी म्हणतात.

म्हणजे तिन्ही फोटो एकाच जातीचे आहेत. तिसरी मादी, तुमचा अंदाज बरोबर. पहिल्या दोघांत वयाचा फरक नाही. फरक उपजातीचा आहे.

अँडियनच्या चार उपजाती मानतात. पहिल्यांदा या जातीला शास्त्रीय नाव दिलं लॅथम यांनी १७९० मध्ये, ती पेरुव्हियानस उपजात मध्य पेरूतली. एक्वेटोरिअॅलिस ही व्हेनेझुएलाच्या पश्चिम भागापासून कोलंबिया आणि इक्वेडोरच्या पूर्व उतारावरून ईशान्य पेरूपर्यंत. सॅच्युरॅटस आग्नेय पेरू आणि पश्चिम बोलिव्हियात. या तिन्ही नारिंगी-शेंदरी घराण्यातल्या. चौथी सँग्विनोलेंटस, जॉन गूल्ड यांनी १८५९ मध्ये वर्णन केलेली, पश्चिम कोलंबिया आणि वायव्य इक्वेडोरमधली. गडद लाल ती हीच.

असं का झालं हे नकाशा उघडून बघा. हा पक्षी राहतो साधारण ५०० ते २४०० मीटर उंचीच्या पट्ट्यात, ढग अडकून राहतात त्या ओल्या जंगलात. खाली ॲमेझॉनच्या सपाटीवर तो उतरत नाही आणि वर थंड, उघड्या पठारावर चढत नाही. मधे अँडीजचा कणा उभा. त्यामुळे पॅसिफिककडे तोंड करून असलेल्या उतारावरचे पक्षी आणि ॲमेझॉनकडे तोंड करून असलेल्या उतारावरचे पक्षी एकमेकांपासून तुटले. कोलंबियात तर अँडीजच्याच तीन रांगा होतात आणि मधून काउका आणि माग्दालेना या नद्यांची खोरी जातात. एकीकडे लाल टिकला, दुसरीकडे नारिंगी.

आता फोटोंच्या खरेपणाबद्दल. तुमच्याकडे एक हुकमी खूण आहे, तो राखाडी पट्टा. चारही उपजातींत तो मोत्यासारखा राखाडी असतो, त्यात पिवळा नाही, गुलाबी नाही. संगणकावर फोटो मोठा करा आणि त्या पट्ट्याचा रंग मोजा. पट्टा गुलाबीकडे झुकला असेल तर अख्ख्या फोटोवर लाली चढवलेली आहे. पट्टा खरोखर राखाडी असेल तर अंगाच्या रंगावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट. अंधाऱ्या जंगलात फोटोग्राफर उजेड वाढवतात आणि असा भडक पक्षी कॅमेऱ्यात जळतो. लाल रंग कमाल मर्यादेला जाऊन अडकतो, हिरव्याचं माप मात्र वाढत राहतं, आणि खरा लाल पक्षी नारिंगी दिसायला लागतो. हे झालंय का ते छातीवर बघा. पिसांच्या कडा, सावल्या दिसत असतील तर रंग शाबूत आहे. छाती सपाट, एकाच डागासारखी दिसत असेल तर त्या फोटोवरून शेड ठरवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: फोटो कुठे काढले ते निर्यातदाराला विचारा. त्याहून आधी विचारा की पाहुणघर कोणत्या देशात, कोणत्या उतारावर आहे. उपजात रंगावरून ताडता येते, पण ठरते ती गावावरून. पूर्व उतारावरच्या तीन उपजातींत तर फोटो बघून भेद करायलाच जाऊ नये, तिथे नकाशाच खरा.

मालकांना सांगा, मधला शेड म्हणजे त्या दोन्ही उतारांवर नसलेला पक्षी.

जकार्डवाला (सोलापूर)

माळरान, तुमचे किती आभार मानू. लगेच बसलो.

फोटो १ मध्ये राखाडी पट्ट्यावर वेगवेगळ्या ठिकाणी माप घेतलं. लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे जवळजवळ सारखे. म्हणजे राखाडीच. छातीवर पिसांची खवल्यासारखी रचना स्पष्ट दिसते, पोटाकडे सावली गडद होत जाते. फोटो २ मध्ये पट्टा किंचित निळसर येतो, गुलाबी अजिबात नाही. तबकडीची वरची कड उन्हात आहे, तिथे थोडं जळलंय, पण गाल आणि छाती शाबूत आहे. म्हणजे दोन्ही फोटो खरे. बरं वाटलं, कारण मी लाल फोटोवर संशय घेऊन बसलो होतो.

निर्यातदाराचंही उत्तर आलं. पहिला फोटो पेरूतला, मनू राष्ट्रीय उद्यानाकडे उतरणाऱ्या डोंगररस्त्यावरचा. त्यांनी तो कुठून तरी चांगला दिसला म्हणून जोडला होता. दुसरा आणि तिसरा खुद्द गिऱ्हाइकाने पाठवलेला. पाहुणघर कोलंबियात, आंतिओकिया प्रांतात, हार्दीन नावाच्या गावाजवळ आहे.

माळरान

मग प्रश्नच मिटला. हार्दीन हे कोलंबियाच्या पश्चिम रांगेतलं कॉफीचं गाव, आणि या पक्ष्यासाठी जगभरातले लोक तिथे जातात. गावाला लागून असलेल्या ओढ्याच्या उतारावरच नर जमतात. ते सगळे सँग्विनोलेंटस, लाल. मनू आग्नेय पेरूत येतं, म्हणजे तुमचा पहिला फोटो सॅच्युरॅटसचा. सुंदर पक्षी, पण हार्दीनच्या माणसाने आयुष्यात आपल्या दारात पाहिलेला नाही.

लाल विणा.

रंगाचं काम

मी एमआयडीसीत डाइंगला आहे, म्हणून मधे बोलतो. असा गडद लाल रिॲक्टिव्हमध्ये (सुताला लावायच्या एका प्रकारच्या रंगात) येतो, काही अडचण नाही, पण धुलाई कसून करून घ्या. लाल सुताला सुटा रंग राहिला की शेजारचं फिकं सूत पहिल्या पाण्यातच गुलाबी होतं. तुमचा राखाडी पट्टा नेमका लालाला चिकटून आहे. माळरान म्हणतात त्याप्रमाणे तो पट्टा गुलाबी झाला तर सगळा पक्षीच खोटा दिसेल. लाल सुताचा साबणाचा वॉश नीट झालाय ना ते पांढऱ्या कापडाचा तुकडा सोबत ओला करून बघा, मगच कांड्या भरायला द्या.

आणि शेड मंजूर करताना ट्यूबलाइटखाली बघू नका. दिवसाच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीशी. लाल आणि नारिंगीत दिवा फार फसवतो.

जकार्डवाला (सोलापूर)

दादा, वॉशचं लक्षात ठेवतो. राखाडीला जरा गडद सूत घेण्याचा विचार होता, म्हणजे डाग लपेल, पण आता नको. मोतियाच ठेवतो.

माळरान, आता डिझाइन सांगतो, यात काही चुकत असेल तर आत्ताच बोला. वॉलहँगिंगमध्ये गिऱ्हाईक जोडी मागतं, तशी पद्धतच आहे. मी मधोमध झाडाच्या दुबेळक्यात काड्यांचं घरटं काढलंय, त्यात अंडी, एका बाजूला लाल नर, दुसऱ्या बाजूला तपकिरी मादी, दोघं घरट्याकडे बघतायत. मागे नारळाची झाडं आणि डोंगर. ग्राफ अजून कच्चा आहे.

माळरान

बरं झालं विचारलंत. हे चित्र या पक्ष्याच्या आयुष्यात कधी घडत नाही.

नर घरट्याकडे फिरकतसुद्धा नाही. जागा निवडणं, घरटं बांधणं, अंडी उबवणं, पिलांना भरवणं, सगळं मादी एकटी करते. आणि घरटं झाडावर नसतं. ओढ्याकाठच्या उभ्या कातळावर, कपारीत किंवा गुहेच्या तोंडाशी ती चिखल आणि झाडांचे धागे लाळेने लिंपून वाटी चिकटवते. वर कातळाचा छज्जा, खाली पाणी. अंडी बहुधा दोन, उबवायला जवळजवळ चार आठवडे. म्हणूनच त्या मळकट रंगाची किंमत कळते. ओल्या कातळावर, चिखलाच्या वाटीत बसलेली तपकिरी मादी चटकन दिसत नाही. तिथे लाल पक्षी बसला तर दरीपलीकडून दिसेल.

नर काय करतात? जमतात. जंगलात ठरलेल्या जागा असतात, वर्षानुवर्षं त्याच. पहाटे आणि पुन्हा दुपार कलल्यावर नर तिथे येतात, फांद्यांवर समोरासमोर जोड्या करून बसतात आणि एकमेकांना झुकून, उड्या मारून, पंख फडफडवून, चोच वाजवून दाखवतात. आवाज अजिबात गोड नाही, कर्कश किंचाळी आणि मधे डुकरासारखा घुरघुराट. मादी आली की सगळ्यांना चेव चढतो. ती बघते, एक निवडते, मीलन होतं, ती जाते. पुढचं सगळं तिच्यावर. गयानन नर हेच प्रदर्शन बऱ्याचदा जमिनीवर, आपापला छोटा चौक साफ करून करतात, अँडियन फांद्यांवर.

सोलापूरकराला हे नवीन वाटायला नको. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आपला माळढोक दुसरं काय करायचा? नर पावसाळ्यात उघड्या उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवून लोंबती सोडणार, शेपूट पाठीवर उलटी टाकणार, दूरवर ऐकू जाईल असा घुमणार. मादी येणार, निवडणार, आणि मग एकच अंडं जमिनीवर घालून एकटीच सांभाळणार. माळढोकाचे नर एकमेकांपासून लांब लांब उभे राहतात, हे एकमेकांना खेटून बसतात, एवढाच मोठा फरक. १९७९ मध्ये अभयारण्य झालं तेव्हा आमच्या घरातली मोठी माणसं तिथे माळढोक बघायला सहज जायची. आज आपल्या डोळ्यांना तो दिसला तर नशीब. हार्दीनचे लोक हा पक्षी अजून गावाच्या कडेला रोज बघू शकतात, याचा मला हेवाही वाटतो आणि आनंदही होतो. म्हणून तुमच्या वॉलहँगिंगमध्ये तो खरा यावा असं फार वाटतं.

तेव्हा माझं मत: जोडी हवीच असेल तर दोन नरांची घ्या. एकाच फांदीवर समोरासमोर, पुढे झुकलेले, पंख थोडे उघडे. वरच्या कोपऱ्यात बाजूच्या फांदीवर मादी, बघत बसलेली. घरटं काढून टाका. नारळाची झाडंही काढा, ते ढगांचं जंगल आहे. फांद्यांवर जाड शेवाळ, लोंबणारे दगडफुलासारखे झुपके, नेचे, आणि अननसाच्या कुळातली फांदीवरच वाढणारी रोपं, ज्यांच्या पानांच्या पेल्यात पाणी साठतं. मागे फिकट धुकं.

जकार्डवाला (सोलापूर)

हे ऐकून ग्राफ पुसला. खरं सांगू का, दोन नर समोरासमोर हे जकार्डला फार सोयीचं पडतं. एक काढला की दुसरा आरशासारखा उलटवायचा, आमची मोराची जोडी अशीच असते. दोन्ही तबकड्या मधोमध जवळ येतात, तिथे लाल दाट बसेल आणि बाहेरच्या बाजूला काळी शेपूट उतरत जाईल. धुक्यासाठी वेगळं सूत लागणार नाही, राखाडीचाच बाणा, म्हणजे आडवं सूत, विरळ टाकला तर चालेल.

दोन शंका राहिल्या. डोळा कोणत्या रंगाचा दाखवू? आणि मादीला तपकिरी सूत वेगळं घ्यावं लागेल, की लाल आणि काळा मिसळून भागेल? एक रंग वाचला तर मालक खूश होतील.

माळरान

डोळ्यासाठी गिऱ्हाइकाच्या फोटोतला रंगच उचला. या जातीत डोळ्याचा रंग पक्ष्यागणिक बदलतो, त्यामुळे पुस्तकातल्यापेक्षा त्यांच्या गावच्या पक्ष्याचा घ्या. डोळा फिका असेल तर मधे काळी बाहुली नक्की ठेवा, नाहीतर नुसतं भोक दिसेल.

मिसळण्याबद्दल रंगाच्या दादांनीच बोलावं. पण पश्चिमेकडच्या या उपजातीची मादी तांबूसपणाकडे झुकलेली असते, तेव्हा लाल-काळ्यातून निघणारा तपकिरी तिला शोभेल असं वाटतं. फोटो ३ शेजारी धरून बघा.

रंगाचं काम

लाल आणि काळा एकाआड एक टाकला तर जवळून ठिपके दिसतील, लांबून तपकिरी दिसेल. भिंतीवरच लागणार आहे, त्यामुळे लांबूनच बघतील. पण पाठीवर काळा जास्त आणि पोटावर लाल जास्त ठेवा, सपाट नको. हातभर तुकडा विणून भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. चॉकलेटी दिसली तर बरोबर, जांभळट दिसली तर काळ्याऐवजी गडद तपकिरी सूत घ्यावंच लागेल, तिथे पैसे वाचवू नका.

जकार्डवाला (सोलापूर)

तुकडा विणला. जांभळट दिसतेय. तपकिरी सूत वेगळं सांगितलंय, मालकांना फोटो ३ दाखवला, ते काही बोलले नाहीत, हो म्हणाले. लाल शेड सकाळी गच्चीवर उजेडात बघून पास केला.